काळ्या बंपरवरचे पांढरे डाग: पॉलिशनंतरची सफाई

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी यायची होती. निंबाला झोका बांधून झाला होता आणि मी अंगणात वडिलांच्या जुन्या गाडीला मशीनने पॉलिश करत होतो. संध्याकाळी बॉनेटमध्ये निंबाच्या फांद्या दिसायला लागल्या तेव्हा स्वतःवर फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात गाडी पाहिली आणि सगळी खुशी उतरली. दरवाजांखालच्या काळ्या पट्ट्यांवर खडूने रेघोट्या ओढल्यासारखे डाग होते. हँडलच्या वाटीला पांढरी कड आली होती आणि डिकीवरच्या अक्षरांच्या पोटात पीठ भरल्यासारखं दिसत होतं. पाहुणे यायला तासभर उरला होता. घरात शेंगदाण्याचं तेल होतं (खान्देशात ते नसलेलं घर शोधावं लागेल). ते फडक्यावर घेऊन पट्ट्यांवर चोळलं, तर पट्ट्या एकदम कोऱ्या दिसायला लागल्या. शेजारचे जिभाऊ फाटकात उभे राहून बघत होते. म्हणाले, "हाई निंघनं नही भो, दपनं."

म्हणजे निघालं नाही, लपलं. चौथ्या दिवशी डाग परत आले आणि तेलामुळे त्यांच्यावर वैशाखातल्या वावटळीची धूळही चिकटून बसली.

त्यानंतर बऱ्याच गाड्यांच्या फटी कोरत बसलो. घरी पहिल्यांदाच पॉलिश केलेल्यांसाठी, किंवा बाहेरून करून आणल्यावर सांदी-कोपऱ्यांत पांढरं सापडलेल्यांसाठी, त्या खटाटोपातून जे हाती लागलं ते इथे लिहितो.

ते पांढरं आहे तरी काय

रबिंग कंपाउंड किंवा पॉलिश म्हणजे अगदी बारीक, कठीण दाण्यांची खळ. बहुतेक पॉलिशमध्ये हे दाणे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. ते पाणी, तेल आणि थोड्या द्रावकात कालवलेले असतात, काहींत वॅक्सही असतं. गुळगुळीत रंगावरून ते फडक्याने सहज पुसलं जातं. काळं दाणेदार प्लास्टिक मात्र भिंगाखाली पाहिलं तर नांगरलेल्या वावरासारखं खडबडीत दिसतं. खळ त्या सऱ्यांमध्ये बसते, पाणी आणि हलकं द्रावक उडून जातं, मागे दाणे राहतात आणि उरलेलं तेल त्यांना चिकटवून ठेवतं.

दाणे पांढरे दिसतात कारण कोरड्या पिठीवरून उजेड सगळीकडे विखुरतो. तिच्यावर तेल किंवा पाणी पडलं की दाण्यांमधल्या पोकळ्या भरतात, उजेड कमी विखुरतो आणि डाग दिसेनासा होतो. शेंगदाण्याच्या तेलाची जादू एवढीच. बाजारातलं टायर-डॅशबोर्ड चमकवायचं चिकट द्रव मारलं तरी तेच होतं. कुठलाही उपाय करून झाल्यावर गाडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि मगच निकाल लावायचा. ओल्या गाडीवर सगळेच डाग गेलेले असतात.

आधी खात्री करा की डाग पॉलिशचाच आहे

आपल्याकडे काळ्या प्लास्टिकवर पांढरं येण्याची तीन कारणं आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

पॉलिशचा डाग रंगवलेल्या पत्र्याच्या कडेलगत असतो. मशीन किंवा हात जिथून घसरला तिथे तो ओरखड्यासारखा किंवा शिंतोड्यांसारखा दिसतो. नखाने हलकेच खरवडलं तर पिठी किंवा मेणचट कण निघतो.

बोअरच्या पाण्याचा डाग गोल, थेंबाच्या आकाराचा असतो आणि त्याची कड मधल्या भागापेक्षा जास्त पांढरी असते. जड पाणी असलेल्या गावात नळीने गाडी धुवून उन्हात सोडली की हे हमखास येतात. ते क्षारांचे असतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन कापसाने एका डागावर टेकवा, मिनिटभर थांबा, पुसा, धुवा. डाग फिका पडला तर तो पाण्याचा. पॉलिशचे दाणे व्हिनेगरला दाद देत नाहीत. हा प्रयोग प्लास्टिकवरच करा. क्रोम आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आम्ल रेंगाळू देऊ नका.

तिसरं कारण ऊन. प्लास्टिकच मरतं. त्यात डाग नसतो, सगळा वरचा भाग सारखाच राखाडी होतो. आरशाच्या बुडाशी किंवा बंपरच्या खालच्या, सावलीतल्या भागाशी तुलना केली की लगेच कळतं. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहणारी गाडी आणखी काय दिसणार. अशा प्लास्टिकला घासून उपयोग नाही, त्याला रंग परत देणारं औषध लावावं लागतं. तो वेगळा विषय आहे.

वेळ आणि जागा

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, सावलीत. पत्र्यावर हाताचा तळवा दहा सेकंद ठेववत नसेल तर काम सुरू करू नका. गरम भागावर फवारलेलं द्रव काम करायच्या आधीच उडून जातं, आणि सुटलेली घाण तिथेच पुन्हा वाळते. पहिल्या प्रयत्नात डाग जायच्या ऐवजी पसरतात ते बहुतेक वेळा यामुळेच.

उन्हाचा एक उपयोग मात्र आहे. डाग जुना आणि मेणचट असेल तर गाडी कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं उभी करा, वॅक्स थोडं मऊ होतं. मग सावलीत आणा, पत्रा कोमट झाला की कामाला लागा. यूट्यूबवर लोक यासाठी हेअर ड्रायर वापरताना दिसतात. आपल्याला निसर्गाने फुकट दिलाय.

सामान

सगळं धुळे, नंदुरबार, चाळीसगाव अशा कुठल्याही गावात मिळतं.

मऊ दात्यांचे दोन टूथब्रश घ्या. कडक ब्रशने दाणेदार प्लास्टिकवर चकाकी येते आणि ती मग जात नाही. रंगकामाचा इंचभराचा ब्रश घ्या आणि त्याचे केस निम्म्यावर कापा, म्हणजे थोडा ताठपणा येतो. ब्रशच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा. ती एकदा रंगाला लागली की ओरखडा ठरलेला. मायक्रोफायबरची सहा-सात फडकी लागतील. त्यातली दोन जुनी, वाया गेली तरी चालणारी असू द्या.

फटींसाठी उदबत्तीची काडी. उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती बांबूची काडी, तिच्या टोकाला फडक्याची पातळ पट्टी किंवा कापूस घट्ट गुंडाळायचा. बाजारातले कानाचे बड चालतात, पण त्यांचा कापूस लवकर सुटतो. खान्देशात कापसाला तोटा नाही, काडी हवी तेवढी जाड-बारीक करता येते. स्क्रू-ड्रायव्हर, सुई, ब्लेड, केसांची पिन यांतलं काहीही जवळ ठेवू नका. जवळ असलं की हात जातोच.

द्रवं दोनच लागतात. पहिलं, गाडीच्या सफाईचं सर्वसाधारण क्लीनर. त्यातला एक भाग आणि पाणी दहा भाग. डबीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर ते पाळा. क्लीनरच नसेल तर गाडीचा शाम्पू नेहमीपेक्षा थोडा दाट करून घ्या.

दुसरं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणारे बोर्ड साफ करायला हेच वापरतात, त्यामुळे त्यांना विचारलं की कुठे मिळतं ते कळतं. ते तसंच लावायचं नाही. एक भाग अल्कोहोल आणि चार भाग पाणी पुरे. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरचं पाणी घातलंत तर एक पांढरं काढून दुसरं पांढरं लावल्यासारखं होईल. हे अल्कोहोल लवकर पेट घेतं. त्याची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसलाच पेटण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. विडी, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी यांपासून लांब आणि मोकळ्या हवेत काम करा. बाटली उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. हात धुवायचं सॅनिटायझर त्याच्या जागी वापरू नका, त्यातला चिकटपणा मागे राहतो.

आता काय वापरायचं नाही. पेट्रोल, रॉकेल, थिनर. आपल्याकडे गॅरेजमध्ये प्रत्येक डागावर हीच तीन औषधं. थिनर रंगावरचा पारदर्शक थर मऊ करतं. दरवाजाच्या कडेचं रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीचं असतं. ते ऊन-पावसाला चिवट आहे, पण पेट्रोलियमच्या पदार्थांनी फुगतं. फुगलेलं रबर जागेवर नीट बसत नाही आणि पावसाळ्यात गाडीत पाणी शिरतं. व्हॅसलीनही पेट्रोलियमचंच आहे, त्यामुळे रबर चमकवायला तेसुद्धा नको. कपडे धुवायची पावडर नको, तिचे न विरघळलेले दाणे घासतात. भांडी घासायची तारेची घासणी तर नकोच. हे सांगायची गरज पडू नये, पण मी ती एका नव्या बंपरवर चाललेली पाहिली आहे.

पहिली पायरी: धुणं

डागाकडे लगेच जाऊ नका. आपली काळी माती वाळून उडाली की तिची पूड मैद्यासारखी लागते, पण तिच्यात वाळूचे कण असतात. त्यांच्यासकट ब्रश फिरवला म्हणजे रंगावर सॅंडपेपर फिरवला. आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली येऊ द्या, मग शाम्पूने धुवा, मग फटींतलं पाणी काढा. त्यासाठी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा उत्तम. पाच मिनिटांचं काम असतं, दहा-वीस रुपये द्या, नाहीतर त्याच्याकडे टायरची हवा भरायला जाल तेव्हाच उरकून घ्या. हवा मारताना चष्मा घाला. फटीतून उडणारे पॉलिशचे दाणे डोळ्यात जाणं वाईट. कोरडी, सैल पिठी या हवेनेच निम्मी जाते.

दुसरी पायरी: लपलेल्या जागी चाचणी

बंपरच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी दोन्ही द्रवं लावून बघा. फडक्यावर काळा रंग उतरला किंवा प्लास्टिकवर ढग आला तर प्रमाण आणखी पातळ करा. पत्र्याला नुकताच रंग मारून आणला असेल तर त्या भागाला अल्कोहोल लावूच नका, ताजा रंग अजून पुरता कडक झालेला नसतो. तिथे शाम्पूच्या पाण्यावर भागवा.

तिसरी पायरी: भिजवणं

माझ्या मते नव्या माणसाचं सगळं काम इथे बिघडतं. डाग दिसला की तो घासायला लागतो. पांढरं बसलंय सरीच्या तळाशी, आणि तो घासतोय वरचे उंचवटे. उंचवटे झिजून चकाकतात, पांढरं तिथेच राहतं. मग तो आणखी जोर लावतो.

त्यापेक्षा जुन्या फडक्याची घडी गरम पाण्यात बुडवून पिळा. पाणी हाताला सोसवेल इतकं गरम असू द्या, उकळतं नको. ती घडी डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा. घाव शेकतो तसं. फडकं उचललं की लगेच क्लीनर ब्रशवर फवारा, गाडीवर नाही. गाडीवर फवारलं की ते ओघळतं आणि खळ बनवून आणखी आतल्या फटीत घेऊन जातं. ब्रश हलक्या हाताने गोल-गोल फिरवा. दोन बोटांनी धरला की आपोआप जोर कमी लागतो. पंधरा-वीस सेकंद पुरे. पांढरट फेस आला की समजा सुटायला लागलं.

चौथी पायरी: ओलं असतानाच उचलणं

ब्रशने दाणे फक्त सुटतात. ते गाडीवरून उचलायचं काम फडक्याचं आहे. फेस वाळू दिला तर दाणे पुन्हा सऱ्यांमध्ये जाऊन बसतात आणि तुम्ही म्हणता, घासून काही फरक पडत नाही. म्हणून एका वेळी वीतभर भाग घ्या. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फडकं. फडक्याची चौघडी करा, म्हणजे उलटसुलट करून आठ कोरे पदर मिळतात. एक पदर एकदाच पुसायला. मळलेल्या पदराने दुसऱ्यांदा पुसणं म्हणजे काढलेलं परत लावणं. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकदा, आणि शेवटी कोरड्याने.

वाळल्यावर अजून पांढरं दिसतंय? मग अल्कोहोलचं पातळ द्रव फडक्यावर घेऊन टिपा, उरलेलं तेल ते धरून आणतं. एकदा, फार तर दोनदा. त्यानेही नाही गेलं तर पुन्हा शेकण्यापासून सुरुवात करा. ताजा डाग बहुतेक एका फेरीत जातो. दोन पावसाळे पाहिलेल्या डागाला मला तीन-चार फेऱ्या लागल्या आहेत, त्याही वेगवेगळ्या दिवशी.

अगदी हट्टी मेणचट डागाला पेन्सिलचं पांढरं मऊ खोडरबर चालतं. कोरड्या दाणेदार प्लास्टिकवर हलकेच खोडायचं, चुरा ब्रशने झाडायचा, मग धुवायचं. रंगवलेल्या पत्र्यावर मात्र खोडरबर नको. मेलामाइनचा पांढरा स्पंजही लोक सुचवतात. तो दिसायला मऊ असला तरी बारीक सॅंडपेपरच आहे. मी तो गाडीपासून लांब ठेवतो, भिंतीवरच्या पोरांच्या चित्रकलेसाठी.

जागेप्रमाणे हात बदला

डिकीवरची अक्षरं आणि कंपनीचं चिन्ह दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेलं असतं. त्यांच्याभोवती द्रव साचू देऊ नका, काडी खाली खुपसून उचकवू नका. काही जण तिथून दोरा फिरवतात. अक्षरं उतरवायची पद्धत नेमकी तीच आहे, तेव्हा सांभाळा. ओलसर ब्रश अक्षराच्या पोटातून बाहेरच्या दिशेने, आणि मागोमाग कापूस गुंडाळलेली काडी. इथे पॉलिशबरोबर दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकूही निघतं. आमच्या गाडीच्या एका अक्षरातून तीन दसरे निघाले असतील.

काचेच्या बुडाशी असलेल्या रबरावर ब्रश आडवा, रबराच्या लांबीने चालवा. उभा घासला की पांढरं रबर आणि काचेच्या मधल्या फटीत जातं आणि काच खाली-वर केली की काचेवर रेघा उमटतात. आधी काच पूर्ण वर घ्या. रबराला क्लीनरच पुरतं, अल्कोहोल लागलंच तर पटकन टिपून पुसून टाका.

हँडलच्या वाटीत बोटाला फडकं गुंडाळून जा. तिथला पत्रा रंगवलेला असतो आणि नखांच्या ओरखड्यांनी आधीच भरलेला असतो, त्यामुळे ब्रश नको.

खिडक्यांमधले चकचकीत काळे खांब हे सगळ्यात नाजूक. ते आरशासारखं प्लास्टिक ब्रशच्या एका फटक्याने रेघाळतं. तिथे फक्त भरपूर ओलं, स्वच्छ मायक्रोफायबर, आणि तेही न दाबता. पांढरं राहिलं तरी चालेल, पण ओरखडे नकोत, असं धरून चाला.

वायपरखालच्या जाळीत शिंतोडे फार उडतात. तिथे कापलेला रंगाचा ब्रश आणि हवा. काचेवर पाणी मारणाऱ्या नळ्यांची छिद्रं भरली असतील तर गरम पाणी आणि मऊ ब्रश. टाचणी घालू नका, फवाऱ्याची दिशा बिघडते आणि पाणी मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जातं. पार्किंगच्या सेन्सरभोवतीची गोल फट फक्त काडीने, न उचकवता.

दरवाजा उघडल्यावर दिसणारी चौकट, पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू आणि बॉनेटची खालची कड या जागा दुकानवालेही विसरतात. गाडी पॉलिशहून आली की मी आधी पेट्रोलचं झाकण उघडून बघतो. तिथे स्वच्छ असेल तर बाकी गाडीची काळजी नाही.

दरवाजाच्या अगदी तळाशी पाणी निघून जायची छोटी छिद्रं असतात. आपल्याकडची माती आणि धुण्याचा गाळ तिथे साचून घट्ट होतो. खाली बसला आहातच तर काडीने तीही मोकळी करा.

निकाल कधी लावायचा

गाडी रात्रभर कोरडी होऊ द्या. मग अंधारात टॉर्च घेऊन उजेड तिरका टाका, समोरून नाही. तिरक्या उजेडात प्रत्येक दाणा उठून दिसतो. उन्हात जे सुटलं ते इथे सापडतं. जिथे अजून पांढरं आहे तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवा आणि सकाळी तेवढंच करा.

प्लास्टिकला काळेपणा देणारं, पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग लावायचं असेल तर या तपासणीनंतर. आधी लावलंत तर जिभाऊंचं वाक्य पुन्हा ऐकावं लागेल. शिवाय तेलकट, चमचमीत ड्रेसिंग आपल्या हवेत शोभत नाही. धुळ्याहून शिरपूरला जाऊन येईपर्यंत त्याच्यावर महामार्गाची धूळ बसते. लावा तर अगदी पातळ, आणि पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या.

पुढच्या वेळी एवढा व्याप नको असेल तर

पॉलिशच्या आधी अर्धा तास टेप लावण्यात घालवा, नंतरचे दोन-तीन तास वाचतात. गाड्यांच्या रंगकामाची मास्किंग टेप रंगाच्या दुकानात मिळते, १८ किंवा २४ मिलिमीटर रुंदीची पुरते. खोक्यांना लावायची तपकिरी टेप वापरू नका. मी एकदा वापरली, मे महिन्यात. तिचा गोंद प्लास्टिकवर असा वितळला की पॉलिशचे डाग परवडले असते. चांगली टेपसुद्धा त्याच दिवशी काढा, हळूहळू, स्वतःवर दुमडून मागे ओढत. रंग दुसऱ्यांदा मारलेल्या भागावर जास्तच हळू, कच्चा रंग टेपबरोबर उठून येऊ शकतो.

टेप काळ्या प्लास्टिकवर, रबरावर, अक्षरांवर, चिन्हांवर लावा. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या धारदार कडांवरही एक पट्टी लावा. कडेवर रंगाचा थर पातळ असतो, मशीन तिथे क्षणभर जास्त थांबलं तर खालचा प्रायमर दिसतो. वायपरखालच्या जाळीवर जुना बागायती रुमाल पसरला की झालं.

पॉलिशही कमी घ्या. दीड-दोन फुटांच्या चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त घेतल्याने चमक वाढत नाही, शिंतोडे वाढतात. पॅड आधी पत्र्यावर टेकवून थेंब पसरवून घ्या, मग मशीन सर्वात कमी वेगावर सुरू करा, आणि मशीन पूर्ण थांबल्यावरच पॅड उचला. फिरतं पॅड हवेत उचललं की भिंतीपासून तुळशीवृंदावनापर्यंत सगळीकडे नक्षी उमटते. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा आणि तो चौकोन लगेच पुसा. सगळी गाडी घासून मग शेवटी एकदम पुसू, हा बेत आपल्या उन्हात चालत नाही.

पॉलिश दुकानातून करून घेणार असाल तर गाडी सोडतानाच विचारा, टेप लावता का? नाही म्हणाले तर स्वतः टेप लावून गाडी घेऊन जा. एकदा मी तसं केलं तेव्हा तिथला पोरगा हसला. पण गाडी परत मिळाली तेव्हा टेपवर पांढरं होतं आणि प्लास्टिक काळंच होतं.

वापरलेली फडकी घरच्या कपड्यांत टाकू नका. आधी बादलीत शाम्पूच्या पाण्यात तासभर भिजवा, दाणे तळाशी बसतात. मग वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा. मऊपणा आणणारं कंडिशनर त्यांना लावू नका, त्याने फडक्याची पकड जाते. पॉलिशची फडकी आणि फटींची फडकी वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. पिशवीवर मार्करने लिहा, नाहीतर घरचं कुणीतरी त्यातलंच एक उचलून बॉनेट पुसायला घेतं.